मुदत संपल्याचा मेसेज

अप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आपल्या घरातली तंजावरची मराठी मला बोलता येते, लिहिता येत नाही. ही लिहितेय ती लग्नानंतर सासूबाईंकडून शिकलेली, नागपूरकडची. मी ती बोलायला लागले तेव्हा तुम्हाला हसू यायचं. आज हसू नका. गेले दोन महिने मी घाबरून आहे, आणि कशाला घाबरले आहे ते घरात सांगितलं तर सगळे म्हणतील, तुझा काय संबंध? तुम्ही तसं म्हणणार नाही.

तुमच्यासारखीच मीही ग्रंथपाल झाले, हे तुम्ही पाहिलंत. नुंगंबाक्कमचं हे सरकारी वाचनालय मात्र तुम्ही पाहिलं नाही. नियम तेच आहेत, एका वेळी दोन पुस्तकं, चौदा दिवसांची मुदत, अर्जावर एका जामीनदाराची सही. फक्त तुमचे ते पुठ्ठ्याचे खिसे गेले. मला ते अजून आठवतात. वाचकाच्या नावाचा छोटा खिसा, त्यात नेलेल्या पुस्तकाचं कार्ड. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि रिकामा खिसा वाचकाच्या हातात. कोणी काय वाचलं याची खूणसुद्धा मागे राहत नसे. आता सगळं कॉम्प्युटरमध्ये राहतं, वर्षानुवर्षं.

एक दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. मी अकरा वर्षांची आहे. मेमधली सुट्टी, तुमच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून मी खिसे अक्षरांप्रमाणे लावतेय. आमच्या गणिताच्या बाईंचा खिसा हाती येतो, आत मनाच्या आजारांवरच्या पुस्तकाचं कार्ड. संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात अम्मा अप्पळम तळतेय, शेजारच्या मामी दारात उभ्या आहेत आणि मी मोठ्या फुशारकीने ते सांगून टाकते. शाळा सुरू होईपर्यंत ते सगळीकडे झालं होतं. बाई वाचनालयात यायच्या बंद झाल्या. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. ओरडला नाहीत. ताकभातातला हात तसाच ठेवून एवढंच म्हणालात, "आता ती कुठे जाऊन वाचेल? सांग." मी पानासमोर उभीच होते. तुम्ही पानावरून उठलात, आणि त्यानंतर मला त्या खिशांच्या खणाला कधी हात लावू दिला नाहीत.

जिच्यासाठी मी घाबरले आहे ती मुलगी दीड वर्षापूर्वी इथे सभासद झाली. तीस-बत्तीसची असेल. वाचनालयाजवळच्या एका ऑफिसात काम करायची, म्हणून जेवणाच्या सुट्टीत यायची. अर्ज भरायला नवरा बरोबर होता. जामीनदार तोच, मोबाईल नंबरही त्याने स्वतःचाच लिहिला आणि मी तो टाइप केला. रोज कितीतरी बायकांच्या अर्जांवर नवऱ्याचा नंबर असतो, अप्पा. मला काहीच खटकलं नाही. आधी ती स्वयंपाकाची पुस्तकं न्यायची, मग या वर्षी एकदा तिने घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक काउंटरवर पालथं ठेवलं आणि हळूच विचारलं, "अक्का, मी काय नेते ते कोणाला दिसतं का?"

मी म्हटलं, "नाही गं. कुणालाच नाही."

मला खरंच तसं वाटत होतं. मुदत उलटली की मशीन आपोआप मेसेज पाठवतं हे मला माहीत होतं. त्या मेसेजात पुस्तकाचं नाव असतं आणि तो अर्जावरच्या नंबरवर जातो, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. तिच्या पुस्तकाची मुदत उलटून दोन दिवस झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती, बोलणं अगदी मऊ. मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, "मॅडम, हा मेसेज मला आलाय. माझ्या बायकोने आजवर काय काय नेलं त्याची यादी हवी होती."

"सभासदाची यादी दुसऱ्याला देता येत नाही, सार्."

"मी दुसरा नाही. मी नवरा आहे. जामीनदाराची सही माझी आहे." तो हसला. "कुठे लिहिलाय हा नियम? दाखवा ना."

मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. दोन पुस्तकं, चौदा दिवस, शांतता राखा. मला हवं ते तिथे लिहिलेलंच नव्हतं. मग त्याने विचारलं, "बरं, ती आज इथे आलीय का?"

ती आत होती. मागच्या दालनात, खिडकीजवळ, माझ्यापासून तीस पावलांवर. मी म्हटलं, "नाही." तो "वाट बघतो" म्हणाला, काउंटरसमोरच्या बाकावर बसला आणि त्याने वर्तमानपत्र उघडलं. एकदाही पान उलटलं नाही.

परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी घेऊन मी आत गेले. चाक करकरत होतं, प्रत्येक आवाजाला वाटायचं तो उठला. तिच्या खुर्चीपाशी वाकून मी सांगितलं, "तुझा नवरा बाहेर बसलाय. त्याला मेसेज गेला. पुस्तकाचं नाव होतं त्यात." तिचा चेहरा पांढरा पडला. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "अक्का, तुम्ही म्हणाला होतात ना, कोणाला दिसत नाही म्हणून?"

अप्पा, तुमच्यासमोर अकराव्या वर्षी मी जशी उभी होते, तशीच उभी राहिले. मग बाइंडिंगच्या खोलीतून तिला मागच्या फाटकापर्यंत नेलं. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. दोनदा हातातून पडली. फाटक उघडल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. समोरची ऑटो थांबवली आणि गेली.

तो वाचनालय बंद होईपर्यंत बसून होता. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला. "देऊन टाका हो ती यादी. घरगुती भांडण आहे, आपल्याला कशाला ताप?" मी म्हटलं, "लेखी आदेश द्या सार्, मग देते." लेखी आदेश आला नाही. मी तिच्या खात्यातला नंबर काढला आणि मेसेजमधून पुस्तकाचं नाव वगळावं म्हणून तीन अर्ज केले. तिसऱ्यानंतर नाव वगळलं. पाटीवर एक ओळही वाढवून घेतली, सभासद काय वाचतो ते कोणालाही सांगितलं जाणार नाही. रंगाऱ्याने तमिळमध्ये सुबक लिहिलीय. पण ती मुलगी आली नाही. ऑफिसातल्या तिच्या मैत्रिणीने एवढंच सांगितलं की तिने नोकरी सोडली. रोज सकाळी पेपरात मी आधी अपघात-खुनाच्या बातम्या बघायचे.

गेल्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आलं. आत ते पुस्तक, व्यवस्थित खाकी कव्हर घातलेलं. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. ती जिवंत आहे, अप्पा. मी मागे जाऊन बाइंडिंगच्या खोलीत बसले आणि बराच वेळ रडले.

तरी भीती गेलेली नाही, फक्त भीतीची जागा बदलली. पाकिटावर पोस्टाचा शिक्का होता. मी तो वाचायला नको होता. पण चष्मा लावून, उजेडात धरून मी वाचला. आता ती कुठल्या गावात आहे ते मला ठाऊक आहे. पाकीट फाडून टाकलं, पण गावाचं नाव डोक्यातून जात नाही. आणि तो अजून दर शनिवारी येतो. त्याच बाकावर बसतो. जाताना काउंटरशी थांबून हसून विचारतो, "काही कळलं का मॅडम?" मी "नाही" म्हणते. एखाद्या दिवशी माझा चेहराच ते नाव सांगून टाकेल असं मला वाटतं. गप्प राहणं मला जन्मतः येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?

हा कागद मी कुठे पाठवणार नाही, घडी करून ठेवणारही नाही. तुमचा वाचून झाला की फाडेन. त्यात त्या गावाचं नाव नाही, तुम्ही पाहिलंतच. पण खरं सांगते, पहिल्यांदा लिहिलं तेव्हा होतं. लिहिण्याच्या भरात पेनातून सहज उतरलं, मला कळलंसुद्धा नाही. तो कागद फाडून हा मी दुसऱ्यांदा लिहिला आहे.