लॅपटॉपात दिनू दिसत नाय

७ ऑगस्ट २००९, शुक्रवार
मी त्या लॅपटॉपला हात लावला नाय. आधीच लिहून ठेवते, उद्या कोणी माझ्यावर ढकलायला नको. परवा पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं, सूनबाईनं हो म्हणून दाबलं. अपडेट म्हणे. स्वतःच बंद झाला, स्वतःच चालू. चालू झाला तो मुका.
शुक्रवारी मस्कतला दिनूची सुट्टी. जेवायला बसला की ताट कॅमेऱ्यापुढं धरतो. काय शिजवलं ते मी बघते, मग तो घास घेतो. पोरगा फिटर, दिवसभर पाइपांशी झटतो, वर हातानं करून खातो. बघायला नको?
आज आवाज नाय, तोंड नाय. नुसता काळा चौकोन. शेवटी मोबाइलवर बोलला. "आई, अपडेटनं झालं असेल." घाईत ठेवला.

८ ऑग.
सूनबाई, कविता, म्हणते, "दुकानात कशाला न्यायचा आई, होईल आपोआप." आपोआप झेंडूला पाणी तरी लागतं का?

१० ऑग.
फुलं विकून शालिमार चौकात इरफानच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. लॅपटॉप रिकाम्या पाटीत, गोणपाटात गुंडाळलेला. ओरडला, "मावशी, हे काय, भाजी आहे का?" म्हटलं, बोल कमी, बघ जास्त.
आवाजाचं जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं. गाणं लावून दाखवलं. झालं म्हणाला.

१४ ऑग., शुक्रवार
आवाज खणखणीत. चौकोन काळाच.
"ताट दाखव."
"धरलंय की. दिसत नाय का?"
"नाय."
"मग तुमच्याकडंच घोळ आहे, आई."
काय जेवतोस? भात. नुसता? भात-आमटी. झोपून बोलल्यासारखा आवाज. विचारलं तर, थकलोय म्हणाला. मधेच कविता, "आई, आवरा, नेट महाग पडतं." एरवी हीच तास तास बोलत बसते. आणि आज हिला नेट महाग.

१७ ऑग.
पुन्हा इरफान. आता म्हणतो, लॅपटॉप चालू होताना आतलं जे मुळातलं असतं, बायोस का काय, तेच जुनं आहे. नवं टाकायला लागेल. टाकताना लाईट गेली तर लॅपटॉप कायमचा मेला. आमच्याकडं तर भारनियमन, म्हणून त्याच्याच इन्व्हर्टरवर केलं. "टाकू का?" म्हटलं, टाक, विचारत काय बसतोस.
पडदा काळा. पंखा घूं घूं. दिनूला बघायचं एवढं एकच यंत्र, तेही गेलं असं वाटलं. मग लागला एकदाचा.
त्यानं मालेगावच्या बहिणीला लावून बघितला. लख्ख दिसली, नाकातली चमकीसुद्धा. मला सलाम केला तिनं.
इरफान म्हणाला, "मावशी, तुमचं सगळं ओके. आता समोरच्यानं दाखवलं तरच दिसेल."
घरी येऊन कविताला एवढंच सांगितलं, नीट झाला. तिनं मान वर केली नाय.

२१ ऑग., शुक्रवार
काळाच.
"अजून तेच का आई? अपडेटच खराब ते."
म्हटलं, "नाय रे. आज दिसतोस."
तिकडं भांडं पडलं. कोणीतरी हिंदीत, "अरे, उठ मत, उठ मत." मग दिनू, हळू.
"काय दिसतं?"
"सगळं."
कट.
कविता पिठाच्या हातानं पळत आली. पडद्याकडं बघितलं. काळा. मग माझ्याकडं. म्हणजे हिला ठाऊक आहे. कधीपासून ते देव जाणे.

२२ ऑग.
उद्या गणपती. फटफटायच्या आधीपासून तोडणी. कविता दोनदा जवळ आली. "आई, तुम्हाला एक सांगायचं होतं..." म्हटलं, क्रेट भर, टेम्पो उभा आहे. दुसऱ्यांदा डोळ्याला पदर. तेव्हाही तेच म्हटलं.
शुक्रवार नाय, तरी लॅपटॉप चालू करून ओट्यावर ठेवलाय. दिनूच्या नावापुढं हिरवा ठिपका आहे. म्हणजे तोही बसलाय तिकडं. मी दाबत नाय. तोही दाबत नाय.
तो अंथरुणाला खिळलाय एवढं कळलं, काय झालं असेल ते त्यानं स्वतः दाखवावं. हिच्या तोंडून मला ऐकायचं नाय. आणि ह्यावर मी आता एक अक्षर लिहिणार नाय.