पाणी कुणाच्या हातात द्यायचं?

धाराशिव,
गुरुवार सकाळ (म्हणजे माझी रात्र)

तीर्थरूप सिद्रामप्पा मामांच्या पायी भाची शिवलीलाचे शरणार्थ. मामींना वेगळे शरणार्थ आणि मामींच्या गुडघ्यांना त्याहून वेगळे. इकडे मी ठीक आहे. तुमचा खोकला, मामींचे गुडघे आणि लाल गाय, तिघांचीही खुशाली कळवावी. गाईची आधी कळवा, कारण तिच्याबद्दल तुम्ही खरं सांगता.

पोरगी फोन सोडून पत्र कशाला लिहिते, असं तुम्हाला वाटेल. मामा, तुम्हाला जे ऐकायचं नसतं ते फोनवर ऐकूच येत नाही. मागं मी माणिकप्पांचं नाव काढलं तर तुम्ही ‘हॅलो, हॅलो, रेंज न्हाय’ म्हणत फोन ठेवलात, आणि ठेवता ठेवता मामींना ‘च्या टाक’ म्हणालात ते मला स्वच्छ ऐकू आलं. कागदाला रेंज लागत नाही. शिवाय छापलेला लिहिलेला कागद तुम्ही न वाचता टाकत नाही, वाण्याची पुडीसुद्धा उलगडून वाचता, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं, कारण पाहुण्यांत त्याच्यावरून काय चालतं ते कानावर आलं आहे. मागचं स्थळ ‘मुलगी रात्री काय काम करते?’ या प्रश्नावर अडलं. आईनं सांगून टाकलं, ‘लोकास्नी झोपवती आन् बघत बसती.’ (आईला खोटं बोलता येत नाही, पण खरंही जरा बेतानं बोलावं.) पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. तर आता कोणी विचारलं तर तुम्ही असं सांगा: कापडाच्या दुकानाच्या वर आमचं क्लिनिक आहे. घोरणारी, झोपेत श्वास अडकणारी माणसं तिथं रात्रीपुरती येतात. मी त्यांच्या डोक्याला पांढऱ्या लेपानं वायरी चिकटवते, छातीला आणि पोटाला पट्टे बांधते, बोटाला चिमटा लावते, नाकाखाली नळी अडकवते आणि म्हणते, आता निवांत झोपा. (एक तलाठी म्हणाले, ‘ताई, एवढं बांधल्यावर बैलसुद्धा झोपणार नाही.’ सगळ्यात आधी तेच घोरले.) मग दिवा बंद करून मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसते. तिथल्या कॅमेऱ्याला अंधारात दिसतं. त्यात माणूस राखेच्या रंगाचा दिसतो आणि झोपेत डोळे उघडले तर गाडीच्या उजेडात कोल्ह्याचे चमकावे तसे चमकतात. सुरुवातीला मला भीती वाटायची, आता रोज वाटत नाही. एकच खोड लागली आहे. पडद्यावर समोरच्याचा श्वास थांबला की माझाही थांबतो, आणि तो सुरू होईपर्यंत मला घेता येत नाही.

तर माणिकप्पा. (हा फोन नाही, मामा, ठेवता येणार नाही.) रुग्णाची माहिती बाहेर सांगू नये अशी पाटी आमच्याकडे भिंतीला आहे, पण तुम्ही या प्रकरणात बाहेरचे नाही, हे पुढं कळेलच. त्यांना त्यांची सून भाग्यश्री घेऊन आली. म्हातारा बसल्या जागी झोपतो, ही तक्रार. ग्रामसभेत हात वर करून काही विचारायला गेले आणि हात तसाच वर ठेवून झोपले, तेव्हा त्यांच्याच गल्लीतून जाणारी गटार त्यांच्या मतानं दुसऱ्या गल्लीत मंजूर झाली. (ती तुमची गल्ली, मामा. गटार तुम्हाला आयती मिळाली.) मला ओळखून ते म्हणाले, ‘तू सुगलाची लेक न्हवं?’ आईचं नाव घेतलं, तुमचं काढलं नाही. माकणीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून तुम्ही दोघं एकमेकांचं नाव न घेता आख्खं आयुष्य काढता, हे मला माहीत होतं. म्हणून मीही काढलं नाही.

मध्यरात्र उलटेपर्यंत सगळं नेहमीसारखं चाललं. घोरायचे, श्वास अडकायचा, मी इकडं अडकायची, मग धापकन सुरू व्हायचा. पुढं पडद्यावर गाढ झोपेच्या मोठ्या संथ लाटा आल्या आणि त्या लाटांतच माणिकप्पा उठून बसले. मामा, जागा माणूस आणि झोपलेला माणूस यांच्या लाटांत घोळ होत नाही. हे माझं रोजचं काम आहे. ते गाढ झोपेत होते. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर गुंडाळला, वायरींसकट खाली उतरले, वाकले आणि दोन्ही हातांनी काहीतरी आपल्याकडं ओढलं. एक पाऊल सरकले, पुन्हा ओढलं. तुमच्याकडं सुट्ट्या काढलेल्या पोरीला ते ओळखू न यायला काय झालं? रानात वाफ्यांना पाणी देतात तशी ते दारं धरत होते. एक दारं मोडायचं, दुसऱ्याला पाणी लावायचं. खोलीभर असं करत ते दारापाशी आले, हातात नसलेल्या खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकली आणि उभे राहिले. मग स्पीकरमधून आवाज आला, ‘सिद्रामा, माझं भिजलं. पाणी घे.’

तुमचं नाव त्या बंद खोलीत ऐकून माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. ते परत निजायला गेले नाहीत. बांधावरून कोणी येतंय का याचा कानोसा घ्यावा तशी मान कलती करून उभे राहिले. मधूनच खाली बघायचे आणि पाय जरा वर उचलून दुसरीकडं टेकायचे, पाण्यात उभं राहिलेला माणूस करतो तसं. तांबडं फुटल्यावर आपोआप जाऊन पडले. सकाळी विचारलं तर म्हणाले, ‘झोप बरी लागली, पर कंबर लई दुखाया लागलीया.’

झाडलोट करणाऱ्या कडूबाईंनी तेवढ्यात माझ्या नावानं शिमगा सुरू केला होता. पलंगापासून दारापर्यंत ओल्या काळ्या गाळाची पावलं उमटली होती. ‘शिवलीलाताई, हितं काय भात लावायचाय का?’ म्हणाल्या. मी सगळा आळ एसीवर टाकला. एसी दुरुस्त करणारा श्रीनाथ आला, त्यानं जाळी काढून झटकली, फरशीवरचा गाळ बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाला, ‘ताई, एसीतून पाणी येतंय. शेवाळ न्हाय येत.’ डॉक्टरांनी रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात घोरण्यामागं पाटातून पाणी वाहिल्याचा आवाज होता, बारीक पण सलग. डॉक्टर म्हणाले, बाथरूमचा नळ राहिला असेल. मामा, धाराशिवात रात्री नळाला पाणी आलं असतं तर सगळी गल्ली हंडे घेऊन उठली असती.

इथपर्यंत मी हसत होते. पुढचं हसण्यासारखं नाही. डॉक्टरांनी माझ्यादेखत भाग्यश्रीला सांगितलं की म्हाताऱ्याचं हृदय थकलं आहे, नाकावर हवेच्या मशीनचा मास्क लावून रोज रात्रभर झोपले तर बरं, नाहीतर एखाद्या सकाळी उठणार नाहीत. पुढच्या रात्री मास्क लावून बघितला. मास्क लागला आणि माणिकप्पा झोळीतल्या लेकरासारखे झोपले. श्वास अडकेना, मलाही मोकळा श्वास घेता आला, डोळ्यांत पाणी आलं म्हटलं तरी चालेल. आणि मध्यरात्र उलटल्यावर त्यांचा हात वर गेला, मास्क काढला, बाभळीला पटका अडकवावा तसा पलंगाच्या दांडीला अडकवला आणि ते खाली उतरले. घरीही हेच चालतं, असं भाग्यश्री म्हणाली. रात्री दाराशी उभे, आणि दिवसा बसल्या जागी झोप, ती बिनमास्कची. बांधून ठेवू का म्हणून विचारत होती बिचारी.

त्या रात्री मी आत गेले. झोपेत चालणाऱ्याला दचकवून उठवायचं नसतं, हळूच धरून निजवायचं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी म्हटलं, ‘आजोबा, चला, निजा आता.’

‘निजू कसा? पाणी चालू हाय.’

‘मग सोडून द्या की.’

‘कुणाच्या हातात?’

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण तुमच्या घराण्याचा आगाऊपणा माझ्यातही आहे. मी हात पुढं करून म्हटलं, ‘माझ्या हातात द्या.’

‘तू कोण?’

‘सिद्रामप्पांची भाची.’

त्यांनी मिटलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं तोंड केलं. ‘भाचीची बारी न्हाय ही. त्याला बलाव. लई येळ झाला, पाय गार पडलेत.’ मी खाली बघितलं. काही दिसलं नाही, पण माझ्या चपलांत गार पाणी शिरत होतं, बोटांमधून सरकत होतं. बाहेर येऊन बघितलं तर चपलांचे पट्टे भिजलेले होते. त्या चपला अजून वाळत घातल्या आहेत आणि वाळत नाहीत.

सकाळी आईला फोन केला. आईनं आधी आढेवेढे घेतले, मग सगळं सांगितलं. तुमची दोघांची सामाईक विहीर, रात्रीची लाईट, आधी माणिकप्पांची बारी आणि मग तुमची. पुढच्याच्या हातात दिल्याशिवाय चालू पाणी सोडायचं नाही, खोरं खाली ठेवायचं नाही, हा तुमच्या बापजाद्यांचा नेम. रानं धरणात जाणार हे ठरलं, लोकांनी बिऱ्हाडं हलवली, तरी माणिकप्पांनी ज्वारीला शेवटचं पाणी दिलं. तुमची बारी आली तेव्हा तुम्ही नव्या गावठाणात पांघरूण घेऊन झोपला होता. ते उजाडेपर्यंत चालू पाण्यात उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पारावर चारचौघांत म्हणालात, ‘बुडत्या रानाला पानी कशाला पायजे, येड्या?’ लोक हसले. त्यानंतर तुमचं बोलणं नाही. रान, विहीर, बांध, सगळं धरणाच्या तळाला गेलं, आणि हा माणूस अजून तिथंच उभा आहे.

असो. मोठ्यांच्या भानगडीत मी पडत नाही. सहज लिहिलं, कळवायचं म्हणून. गाईची काळजी घ्या.

तुमची आगाऊ भाची,
शिवलीला

ता. क. सहज वगैरे काही लिहिलेलं नाही. शनिवारी माणिकप्पा पुन्हा येणार आहेत. शेजारची खोली मी तुमच्या नावावर धरून ठेवली आहे, खोकल्याच्या निमित्तानं तुमचीही झोप तपासू. वायरी लावणार नाही. त्यांनी हाक मारली की मी तुम्हाला उठवीन. तुम्ही दारात जायचं, दोन्ही हात पुढं करायचे आणि ‘घेतलं’ म्हणायचं. उशीर का झाला ते माणिकप्पा विचारणार नाहीत, तुम्हीही सांगत बसू नका. नंतर मास्क मी लावीन.

ता. क. (दुसरा) जुन्या चपला घालून या.

ता. क. (तिसरा) ही येड्यांची गोष्ट आहे, भाचीच्या डोक्यात लेप गेला आहे, असं मामींना सांगायच्या आधी हे वाचा. मामींचा काल फोन आला होता. तुम्ही रोज मध्यरात्रीनंतर अंथरुणात उठून बसता, ‘आलो, आलो’ म्हणता आणि परत आडवे होता, म्हणाल्या. किती वर्षं, ते त्यांना आता आठवत नाही. सकाळी तुमचे पाय मात्र कोरडे असतात. इकडं साधारण त्याच वेळी माणिकप्पा दाराकडं बघून हसतात, खोरं उचलून बाजूला होतात, वाट देतात, आणि मग पुन्हा वाट बघत उभे राहतात. मामा, नुसतं ‘आलो’ म्हणू नका. या.