वर कोण चढलं होतं?

१४ जानेवारी, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटे. नेमक्या याच वेळी माझ्या मुलाने, निखिलने, आमच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या घरी आलेल्या पाहुण्यांना हसत सांगितलं, "कंबोडियात आई खालीच बसून होती. त्या पडक्या देवळाच्या पायऱ्या तिले कुठून जमतील?"

खालीच? उन्हाने लालबुंद होऊन खाली शहाळं पीत कोण बसलं होतं? निखिल, सून आणि नात. मी बाथरूमला गेले असं त्यांना वाटलं. मी दोन्ही हातांनी कठडा धरून थेट वर गेले आणि वरून या तिघांचा फोटोही काढला.

तोच पाहुण्यांपुढे धरला. निखिलचं टक्कल काय चमकतंय त्यात!

नात किंचाळली, "पापा, आजी तो सच में ऊपर थी!"

निखिल म्हणतो, "मग सांगितलं काहून नाही?"

विचारलं कोणी? मला जमणार नाही हे परस्पर ठरवलं कसं? लिहिताना हसू येतंय, पण खालीच म्हणजे काय!

निखिलने घरच्या ग्रुपवर लेखी कळवावं: आई वर होती, खाली मी होतो. मुदत रविवार, दुपारी बारा. तोंडी माफी स्वीकारली जाणार नाही.