छातीत दुखतंय

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दुपारी गोदामातून फोन. माझे मिस्टर जीवन माल उतरवताना डोकं धरून खाली बसले, उलटी झाली. रिक्षात सारखे म्हणत होते, "डोक्यात कायतरी फुटला गं." दवाखान्यात ही रांग! आमच्या पूर्णा गावात सगळ्यांना ठाऊक आहे — डोकं म्हटलं की गोळी देऊन बाकावर बसवतात, छाती म्हटलं की आधी आत घेतात. माझे दीर भूपेश हळूच म्हणाले, "वयनी, छातीन दुखतंय सांग." सांगितलं. लगेच ईसीजी काढला, तो खरंच बिघडलेला. हार्ट अटॅक म्हणाले. रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं.

मला बरंच वाटलं. थाप मारली आणि खरी निघाली. देवानेच वदवलं म्हणायचं.

बुधवार, १३

सकाळी हाका मारल्या, उठेनात. मग डोक्याचा स्कॅन. आत रक्त.

गुरुवार, १४

मोठ्या डॉक्टरांनी बसवून सांगितलं. आधी मेंदूत रक्तस्राव झाला. त्याचा धक्का हृदयाला सोसला नाही, ते ढिलं पडलं, म्हणून ईसीजी अटॅकसारखा दिसला. "हृदयाच्या नसा मोकळ्या आहेत. मूळ दुखणं तिथलं नाहीच." इंजेक्शनने डोक्यातलं रक्त वाढलं.

"आधी डोकं दुखत होतं का?"

"थोडंसं," मी म्हटलं.

थोडंसं! मला माझीच किळस येते. पण रडू येत नाही. जेवलेसुद्धा. वांग्याची भाजी होती.

शनिवार, १६

भूपेश भाऊजी माझ्याकडे बघत नाहीत. मीही नाही.

रविवार, १७

मशीन श्वास घेतंय. मी खुर्चीत. काही वाटत नाही.

सोमवार, १८

मेंदू गेला. दोनदा तपासून सांगितलं. हृदय मात्र सावरलंय, अगदी चांगलं चाललंय. दुसऱ्या कुणाला द्याल का, विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "त्याची छाती तं खराब हाय ना?"

"न्हाय, आई. छाती दुखलीच न्हवती. नंबर लवकर लागावा म्हणून मीच सांगितलेला."

त्यांनी माझा हात सोडला. मग कागद माझ्यापुढे सरकवला.

"कर सही."

केली.