दोन ठिकाणची खात्री

२६ नोव्हेंबर १९६१

अंजदीव बेटावरून फिरंग्यांनी पुन्हा गोळी झाडली. एक मच्छीमार ठार. सकाळी रेडिओवर ऐकलं, दुपारी भाईंदर स्टेशनवरून पेपर आणून पडताळलं. जुळलं, म्हणून इथं लिहितोय. एकाच ठिकाणची बातमी मी नोंदवत नाही. आमच्या मुर्धा गावात हा नेम पाळणारा मी एकटा!

संध्याकाळी ओटीवर माणसं जमली. त्यांना कारणं समजावली. साडेचारशे वर्षं गोवा यांच्या ताब्यात. इंग्रज गेला, फ्रेंच गेला, हे मात्र म्हणतात गोवा वसाहत नव्हेच, पोर्तुगालचा प्रांत! पंचावन्न साली निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या घातल्या. मग वसईवर आलो, चिमाजीअप्पांवर. दाजीकाका मध्येच म्हणाले, "कालू, वसई घेतली तवा तू पन व्हतास का रं तिकरं?" सगळे हसले. हसोत.

२८ नोव्हेंबर

शिवदासची तार. धाकटा भाऊ. सहा वर्षं मोझांबिकात आहे, बैरा बंदरात फिटर. मोझांबिकसुद्धा फिरंग्यांचंच. लिहितो — इथं वातावरण बरं नाही, पाच तारखेच्या बोटीचं तिकीट काढलंय, येऊ का?

त्याची बायको रंभा दाराआडून बोलली. मी थोरला दीर, म्हणून ती समोर येत नाही. "येऊ द्या की त्यांना, भावजी. दुर्गाचं लगीन माघात हाय. पोरीला बाप नको?"

मी नीट विचार केला. चौदा वर्षं दिल्ली नुसती बोलतेय. पंचावन्न साली रक्त सांडलं तरी फौज हलली नाही. आता कशी हलेल? त्याचा नोकरीचा करार डिसेंबरअखेर संपतोय. आधीच मोडून आला तर परत कोण घेणार? माघाला अवकाश आहे. उत्तर पाठवलं: युद्ध होणार नाही. जानेवारीच्या बोटीने ये.

२ डिसेंबर

उलट तार. "तिकीट परत केलं. दादा म्हणतो म्हणजे खात्री."

रंभेला वाचून दाखवली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

११ डिसेंबर

मिठागरात बांधांची डागडुजी संपत आली. दुपारी स्टेशनात गेलो तर मास्तर म्हणाले, उत्तरेकडच्या गाड्या रद्द, डबे फौजेला लागतायत. म्हटलं, दबाव आणायला करतात असं.

१२ डिसेंबर

डब्यांचं पेपरातही आलं. जुळलं.

१९ डिसेंबर

गोवा मुक्त! दीड-दोन दिवसांत फिरंगी शरण! ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी गूळ वाटला. पोरांनी मला खांद्यावर घेऊन मारुतीपर्यंत नेलं. दाजीकाका ओरडले, "कालू, आता बैरा पन घे!"

हशा पिकला. रंभेने दार लावून घेतलं. गूळ घेतला नाही तिने.

२७ डिसेंबर

रेडिओ — मोझांबिकातल्या आपल्या लोकांना धरून छावण्यांत कोंडलंय. गोव्याचा सूड. पेपरात अजून नाही. नोंद करायला नको होती.

२८ डिसेंबर

पेपरात आलं.

४ फेब्रुवारी १९६२

अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत, जगबुडी होणार म्हणे. गावभर जप चाललाय, होम चाललेत. द्वारकेने, माझ्या बायकोने, तीन दिवस चूल धड पेटवली नाही. म्हणते, लग्न पुढं ढकला. मी ओरडलो — ग्रह काय तुझ्या अंगणात उतरणार आहेत? पण ढकललं. ग्रहांमुळे नव्हे. बाप नाही म्हणून.

रंभा आता दाराआड थांबत नाही. सरळ रेडिओसमोर येऊन बसते. बातम्या संपल्या की माझ्याकडे बघते.

१७ मार्च

काही नाही. रेडिओची बॅटरी बदलली. तरी काही नाही.

२२ मे

गोव्यात धरलेले पोर्तुगीज शिपाई आपण परत पाठवतोय, तिकडून आपली माणसं सुटतील. दोन्हीकडे आलंय! रंभा पहिल्यांदा हसली. पावसाआधीचा शेवटचा मुहूर्त धरला.

सरूबाई धवलारीण येऊन गेली. लग्नात धवले गाणारी आमच्याकडे तीच. गाताना हयात माणसांची नावं मांडवात घेते, गेलेल्यांना पितरांत आवतण देते. प्रत्येक नाव दोनदा विचारून घेतलं. "चुकीच्या जागी नाव घेतलं त लगीन शुद्ध व्हत न्हाय," म्हणाली. बाई माझ्यासारखीच काटेकोर! शिवदासचं नाव मांडवात सांगितलं, मुलीचा बाप म्हणून, पहिलं.

३ जून

बोट आली. रंभा येते म्हणत होती, मीच नको म्हटलं. धक्क्यावर एकेक उतरला. वाळलेली माणसं, हातात बोचकी. शिवदास नाही. नाथा म्हणून राजापूरचा एक जण भेटला, शिवदासच्याच छावणीतला. मला बाजूला घेऊन बोलला. मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. एकाच माणसाची बातमी आहे.

घरी म्हणालो, पुढच्या बोटीने येतोय, लग्न थांबवू नका असा निरोप आहे. रंभेने विचारलं, "खात्री?"

म्हणालो, खात्री.

६ जून

मांडव घातला. रंभेने त्याचं धोतर धुऊन वाळत टाकलंय.

९ जून

हळद. दुसरीकडून बातमी आलेली नाही. सरूबाईने धवले सुरू केले, पहिल्याच नावाशी थांबली आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. "शिवदासचं नाव मांडवातच ना?"

"पितरांत," मी म्हणालो.