दोन लहानू

रायपूर, रविवार

प्रिय इंद्रजीतदादा,

सप्रेम जयभीम. आईचा गुडघा आता बरा आहे.

तू नेहमी विचारतोस, नव्या रायपुरात मी दिवसभर करते तरी काय. उरला या कारखान्यांच्या भागातल्या कामगारांच्या छातीच्या तपासणीच्या नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये असतात. माणसागणिक एक नोंद. ठरलेले रकाने नाहीत. एकीत फोन नंबर असतो, दुसरीत नसतो, तरी चालतं. नवी नोंद घालायची, शोधायची, बदलायची, काढून टाकायची, एवढंच माझं काम.

मार्चमध्ये दुबार नोंदी काढायला सांगितल्या. लहानू गणवीर नावाच्या दोन निघाल्या. एकच रोलिंग मिल, जन्मतारीखही एकच, एक जानेवारी एकाहत्तर. मी फोन नसलेली काढून टाकली. शाळेत न गेलेल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख एक जानेवारीच लिहितात. आपल्या बाबांचीही तीच आहे. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

पाच आठवड्यांनी एक वाळलेले गृहस्थ दोन गाड्या बदलून ऑफिसात आले. "मॅडम, माह्यासंग तपासलेल्या सगळ्यायले बोलावणं आलं. मलेच काहून नाही?" नाव विचारलं, तर लहानू गणवीर. शोधलं, तर एकच नोंद सापडली आणि ती त्यांची नव्हती. बोलताना ते सारखे खोकत होते. बॅकअपमधून जुनी नोंद काढली. एक्स-रेपुढे लिहिलं होतं, 'डाग आहे, लगेच बोलवा.'

साहेब म्हणाले, "आजच्या तारखेची नवी नोंद घाल. कोणाला कळत नाही." मी जुन्या तारखेनंच परत घातली आणि एक रकाना जास्तीचा जोडला: 'चुकून काढली होती, रुचिता.' लहानूभाऊंनाही तसंच सांगितलं. ते म्हणाले, "आता दवाखान्यात कधी जायचं?" त्याच दुपारी मी त्यांना घेऊन गेले. टीबी निघाला. औषध सुरू आहे; डॉक्टर म्हणतात बरे होतील, पण वेळ लागेल. घरातल्या दोन नातवंडांचीही तपासणी करवली. ती ठीक आहेत.

या प्रकाराची बुधवारी ऑफिसात चौकशी आहे. साहेब काय म्हणाले तेही मी तिथे सांगणार आहे. आणि दादा, ते साहेब म्हणजे शिशिरदादा. महिन्याभरापूर्वी बदलून आमच्याच विभागात आलेत. तुझा कॉलेजपासूनचा मित्र. माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. रुचीला समजाव म्हणून ते तुला फोन करतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू मला समजावू नको. त्यांच्याशी बोलणं तोडू नको, आणि माझ्याशीही.

तुझीच,
रुची