दोघांपुरती खोली

मु. कामोठे, ता. पनवेल, जि. कुलाबा
२७ ऑक्टोबर १९५७

॥ श्री ॥

ती. दादूस यास धाकटी बहीण हौसा हिचा सा. न. वि. वि.

दिवाळीला माहेरी गेले होते. तू म्हैसूरच्या मोटारीच्या कारखान्यात अजून टिकून आहेस हे ऐकून सगळ्या गावाला नवल वाटलं. सोलापूर झालं, हुबळी झाली, आता म्हैसूर. आई म्हणते, तुळशाच्या पायाला भिंगरी होतीच, निदान आता चाकांच्या कामाला तरी लागला.

आता खरी गोष्ट. यंदा भात बरं आलं. सासरे, म्हणजे तुझे काळूरामकाका, खुशीत आहेत. झोडणी उरकली की मिठागराचं काम लागायच्या आत कुठंतरी शहर बघून यावं, असं त्यांच्या मनात आलं. ह्यांनी धीर करून म्हैसूरचं नाव काढलं. मी मनातल्या मनात गाठोडं बांधलंसुद्धा. तेवढ्यात सासूबाई चुलीपासून म्हणाल्या की मग चौघंही जाऊ, एकच मोठी खोली घेऊ, चटया आपल्याच नेऊ.

दादूस, लग्नाला दोन वर्षं होतील. आम्ही दोघं काय बोललो असू ते शेताच्या बांधावर, तेही चिखल उडवत. ह्या घराला दार आहे पण आतून कडी नाही. दिवसभर आळी आतबाहेर करते आणि रात्री दाराला सुंभाची दोरी गुंडाळतात. मांजरसुद्धा ती सोडवून आत येतं. आता म्हैसूरलाही तसंच निजायचं असेल तर कामोठं काय वाईट?

तू काहीतरी युक्ती कर. हॉटेल चांगलं बघ, मोक्याचं बघ, पण असं बघ की दोघंच जातील. मात्र जपून लिही. इथं पत्र आलं की पोस्टमन धर्मराज ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो, चहा पितो आणि आळी ऐकते. सुनेनं सासऱ्यासमोर पत्र वाचायची रीत नाही. हे पत्र मी पनवेलच्या बाजारात गुपचूप पेटीत टाकते आहे.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हौसा

म्हैसूर
४ नोव्हेंबर १९५७

॥ श्री ॥

तीर्थरूप काळूरामकाका आणि सोनाबाई मावशी यांचे पायाशी तुळशीरामचा शि. सा. न. वि. वि.

आपण म्हैसूरला येणार हे मला इकडं वाऱ्यानं कळलं. मी तिसरीतून शाळा सोडली, तवा अक्षर सांभाळून घ्या. कारखान्याला सुट्टी होती म्हणून तीन हॉटेलं पायानं हिंडून पाहिली. कपड्याला ग्रीस होतं. दोन ठिकाणी मालकाला वाटलं की पाण्याचा पंप दुरुस्त करायला आलो. एका ठिकाणी मी तो करूनही दिला.

पहिलं हॉटेल स्टेशनच्या तोंडावर. उतरलं की दारात. फरशी एवढी साफ की भात सांडला तर वेचून खावा. पण मालक कडक सोवळ्याचा. मासळीचं नाव काढलं तरी कानावर जानवं गुंडाळतो. मावशींच्या गाठोड्यात सुके बोंबील नसतील असं काही मी छातीठोक सांगू शकत नाही. माणसं फाटकात पोचायच्या आधी वास आत पोचेल आणि मालक आपल्याला आल्या गाडीनं परत घालवेल.

दुसरं भर बाजारात. समोर फुलांचा बाजार, शेजारी सिनेमा, कोपऱ्यावर टांगे. राजवाडा तर पान खाऊन संपायच्या आत येतो. पण खोल्या तिसऱ्या मजल्यावर. जिना उभा, शिडीसारखा. काकांच्या गुडघ्यांचा मला विचार पडला. शिवाय पलंग लोखंडी, खाली तारांच्या गुंडाळ्या. मी बसून बघितलं. भरतीला होडी डुलते तसा डुलतो. वयस्कर बायामाणसांना मळमळेल.

तिसरं तळ्याकाठी. कोण्या गोऱ्या साहेबाचा जुना बंगला. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, पुढं मोगऱ्याचा ताटवा, इकडं तो थंडीतही फुलतो, आणि रविवारी राजवाड्याचे दिवे लागले की ते तिथून पाण्यात दिसतात. टांगा फाटकात मिळतो. मालक म्हातारा आहे, कोण काय शिजवतो हे विचारत नाही. खोटं कशाला बोलू, जागा झकास आहे. पण एकच खोली रिकामी आणि ती दोघांपुरती. तिसरा माणूस तो ठेवूनच घेत नाही. आणि लोक सांगतात की साहेबाची मड्डम अजून रात्री व्हरांड्यात फिरते. तरण्या माणसांना ती काही करत नाही. वयस्कर माणूस दिसला की जवळ येऊन बसते.

आता आपणच ठरवा. मी लहान, मी काय सांगणार.

आशीर्वाद आखडता घेऊ नये.

आपला,
तुळशीराम

कामोठे
११ नोव्हेंबर १९५७

ती. दादूस यास हौसाचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं घात केला रे!

धर्मराजनं ते ओट्यावर वाचलं. आळीतली निम्मी माणसं होती. बोंबलाचं ऐकून सासूबाई म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीत घालून फडकं बांधलं तर कुठल्या बापाला वास येतो? जिन्याचं ऐकून सासरे हसायला लागले. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन राशीवर चढणाऱ्या माणसाला हा पोरगा जिना दाखवतो म्हणाले. डुलणाऱ्या पलंगाचं वाचलं तेव्हा तर त्यांनी धर्मराजला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाले.

मला वाटलं, मड्डम तरी कामाला येईल. तर सासूबाई म्हणाल्या की आमचा अर्धा जन्म खाडीच्या बांधावर रात्री जागून गेला, तिथं एकाहून एक सरस भुतं बसलेली असतात. मड्डम आली तर तिला म्हणेन, बाय, सरकून बस, मला दिवे बघू दे.

आणि तेव्हापासून सासूबाई रोज धर्मराज रस्त्यानं दिसला की त्याला हाक मारतात आणि तो मोगऱ्याचा आणि वेताच्या खुर्च्यांचा तुकडा परत वाचायला लावतात. पत्र त्यांच्या कनवटीला असतं. धर्मराजचा चहा चालू आहे, माझा जीव चालला आहे.

ह्यांना काही कर म्हणावं तर कुत्र्याचे कान चोळत बसतात आणि म्हणतात, तुझा दादूस हुशार आहे. आहेस का? मग दाखव.

राग नाही, पण माया जरा उसनी समज.

हौसा

म्हैसूर
१७ नोव्हेंबर १९५७

॥ श्री ॥

तीर्थरूप काळूरामकाका यांस तुळशीरामचा शि. सा. न. वि. वि.

तळ्याकाठची खोली सांगून ठेवली आहे. मालकाला कबूल केलं की एक नवरा आणि एक बायको येतील, तिसरं कोणी नाही. माणूस शब्दाचा पक्का आहे. डिसेंबरच्या सुरवातीला खोली आपली.

एक गोष्ट मात्र मनात आली ती लिहितो. त्याच दिवसांत मार्गशीर्षातली पुनव. पुनवेला खाडीला उधाण. बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची तीन वर्षं भात विसरा. बांध एकटा टाकून सगळं घर येणं बरं नव्हे. घरात कोणीतरी दोघं पाहिजेतच. आता एवढा बांध कोणाच्या भरवशावर उभा आहे, हे सगळा पनवेल तालुका जाणतो. काकांची नजर आणि मावशींचा आवाज, एवढ्यावर खाडी मागं सरते. मी पोरवयाचा, जास्त काय बोलू.

आपल्या पायाची धूळ,
तुळशीराम

कामोठे
२४ नोव्हेंबर १९५७

॥ श्री ॥

चि. तुळशीराम यास सोनाबाई मावशीचे अनेक आशीर्वाद.

(दादूस, हे पत्र सासूबाई सांगतात आणि मी लिहिते. धर्मराजकडून लिहून घेतलं तर आळीभर होईल म्हणाल्या. मला चुलीपुढं बसवलं आहे. एक शब्द गाळायचा नाही, अशी ताकीद आहे.)

तुजी दोनी पत्रं पोचली. तू बोललास ते बरोबर हाय. बांध सोडून सगल्यांनी जायचं नाय. घरात दोघं पायजेत. आमी तुज्या काकांनी आनि मी विचार केला. उधाणाला बांधावर चिखल टाकायला तरनी हाडं लागतात. आमची झाली जुनी. तवा भगवान आनि हौसा घरी रातील. आमी दोघं येतो.

तू मालकाला कबूल केलंस, एक नवरा आनि एक बायको. आमी पन नवरा-बायकोच हाव. लगनाची साक्ष पायजे असंल तर मालकाला सांग, वरातीतला एक बैल सोडून बाकी सगले जिते हायत.

(दादूस, इथं त्या थांबून माझ्या तोंडाकडे बघत आहेत. मी मान वर केली नाही.)

तुळशा, तू तीन हाटेलं हिंडलास आनि परतेकात खोट काडलीस. सगल्या खोटी म्हाताऱ्यांच्या वाटंच्या. गुडगं म्हाताऱ्याचं, मड्डम म्हाताऱ्यांची. माज्या सुनेच्या वाटंला एक पन खोट आली नाय. मना काय तू येडी समजतोस? मी पन या घरात सून व्हते. माज्या सासूनं मना दार दाखवलं तवा पन त्याला कडी नव्हती.

तुज्या काकांबरुबर संसार केला, पोरं वाडवली, मीठ उपसलं. पन दोन खुर्च्या टाकून निवांत बसलू, असं कदी झालं नाय. बसलू की कोनीतरी हाक मारतंच. तू त्या खुर्च्यांचं लिवलंस तवापासून माजं मन लागंना. एकदा बसून बगते.

आनि हौसा, आता हे नीट लिव. पनवेलच्या सुताराला बोलावून दाराला कडी बसवून घेतली हाय. आतून लागते. आळीत सांगून ठेवलंय का सून बांधावर उभी असंल, हाका मारत घरात शिरायचं नाय. धर्मराजला चहा पन परतून आल्यावरच.

(दादूस, मी रडत नाही. चुलीचा धूर आहे.)

स्टेशनावर यायला चुकू नको. बरनी जड हाय.

तुजी मावशी,
सोनाबाई

म्हैसूर
९ डिसेंबर १९५७

॥ श्री ॥

सौ. हौसाबाय हिस दादूसचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझी काय गत झाली ती ऐक. स्टेशनवर गेलो. मावशी उतरल्या, मागनं काका, आणि दोघांच्या मध्ये ती बरणी, नवरदेवासारखी. ती मी उचलली. अजून खांदा दुखतो.

मालकानं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. मला वाटलं, आता सामान रस्त्यावर. दुसऱ्या सकाळी गेलो तर म्हातारा तिसरी खुर्ची आणून बसला होता आणि भाजलेला बोंबील कसा तोडायचा हे मावशी त्याला हातवाऱ्यांनी शिकवत होत्या. भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही. बोंबलाला कुठली भाषा लागते?

मड्डमेचं विचारलं. मावशी म्हणाल्या, आली होती, तुझ्या काकांचं घोरणं ऐकून गेली.

मी रोज काम सुटलं की जातो, तर माझी किंमत कमी कमी होत चालली. रविवारी राजवाड्याची रोषणाई. मी न्हाऊन, धुतलेला शर्ट घालून फाटकात उभा. काका टांग्यात चढले आणि म्हणाले की तुळशा, तू मागनं चालत ये, टांग्यात दोघांचीच जागा आहे. टांग्यात चौघं बसतात गं बाय! मी रोज बघतो. मावशींच्या अंबाड्यावर मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा होता. तो माळताना काकांनी अर्धा मोगरा खाली सांडला असणार, कारण खांद्यावर सगळ्या पाकळ्याच पाकळ्या. टांगा गेला, मी दिव्याच्या खांबाला टेकून उभा. हॉटेल शोधलं मी, पंप दुरुस्त केला मी, बरणी वाहिली मी.

मग हसूच आलं. एवढं की शेजारच्या टांग्याचा घोडा बिथरला.

त्यांनी मुक्काम वाढवला आहे. मालकही जा म्हणत नाही. आठवडाभर अजून राहतीलसं दिसतं. तुला चालेल ना? बांधाची मला काळजी लागली आहे. भगवानराव नीट लक्ष ठेवतात का, ते सविस्तर कळव.

माझ्यावर लोभ ठेवायला तिकडं कोणाला वेळ असेल तर ठेवावा.

तुझा,
दादूस

कामोठे
१४ डिसेंबर १९५७

ती. दादूस यास सा. न. वि. वि.

कार्ड सगळे वाचतात म्हणून थोडकंच लिहिते. उधाण येऊन गेलं, बांध शाबूत आहे. आम्हाला पाणी ओसरल्यावर कळलं. कडी छान लागते. सासूबाईंना म्हणावं, मोगरा अजून बहरात असेल तर घाई करू नये.

हौसा